वर्षभराच्या विरामानंतर हाताने बांधलेल्या वह्यांचा व्यवसाय पुन्हा सुरू करताना

पानोपानी

हाताने शिवलेल्या वह्या, रोजनिश्या आणि चित्रकारांसाठी कोऱ्या पुस्तिका तयार करून विकणे हा माझा एकटीचा छोटा व्यवसाय आहे. घरातील एका दीर्घ आजारपणामुळे तो मी वर्षभर पूर्णपणे थांबवला होता. थांबण्यापूर्वी हाती असलेल्या सर्व मागण्या पूर्ण केल्या आणि दुकानाच्या पानावर 'सध्या काम बंद आहे' एवढी एकच ओळ लिहिली. त्यानंतर ग्राहकांशी माझा काहीही संपर्क राहिला नाही. आता वेळ पुन्हा हाती आला आहे. तो पूर्वीइतका नाही, परंतु रोज ठरावीक तास कामाला बसता येईल इतका नक्की आहे.

प्रश्न अनेक आहेत, पण मला खरोखर अडवणारे तीनच. वर्षभर गप्प का होते, हे ग्राहकांना सांगावे की न सांगता थेट नवे काम समोर ठेवावे? कपाटात बऱ्याच तयार वह्या शिल्लक आहेत, त्या सवलतीत काढून टाकाव्यात की नव्या कामासोबत ठेवाव्यात? आणि कागदाच्या किमती बदललेल्या असताना जुन्या भावाची सवय असलेल्या ग्राहकांसमोर नवा भाव कसा मांडावा? यांपैकी कशाने सुरुवात करावी, यावरच मन अडले आहे. ज्यांनी असा खंड पडल्यानंतर हस्तकलेचे काम पुन्हा उभे केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुनी आरी

ताई, तुमचे तीनही प्रश्न ग्राहकाकडे तोंड करून विचारलेले आहेत. माझ्या मते पहिले काही आठवडे तोंड टेबलाकडे असावे. घोषणा केली की मागणी येते, मागणी आली की तारीख द्यावी लागते, आणि हात व सामान तपासलेले नसताना दिलेली तारीख पाळणे अवघड जाते. बांधणीच्या कामात माझी हयात गेली आहे, त्यावरून सांगतो.

सर्वप्रथम गोंद पाहा. पांढरा पीव्हीए गोंद बाटलीत पातळ दिसला म्हणजे तो चांगला आहे असे नाही. वापरणार त्याच कागदाच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून एक दिवस वजनाखाली ठेवा आणि मग ओढून सोडवा. सुटताना कागदाचे तंतू फाटले तर गोंद कामाचा आहे. दोन्ही पट्ट्या स्वच्छ वेगळ्या झाल्या तर ती बाटली बाजूला ठेवा. घट्ट झालेल्या गोंदात पाणी घालून तो पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा, कारण पकड गेल्याचे त्या दिवशी कळत नाही, वही ग्राहकाच्या हातात काही महिने राहिल्यावर कळते.

त्यानंतर कापून ठेवलेले कागद. वर्षभराने गठ्ठे इकडचे तिकडे झालेले असतात आणि कोणत्या गठ्ठ्याचा ग्रेन, म्हणजे कागदातील तंतूंचा कल, कोणत्या दिशेने आहे हे आठवत नाही. कागद ओलावा घेतो तेव्हा तंतूंना आडव्या दिशेने अधिक फुगतो, म्हणून पानांचा, पुठ्ठ्याचा आणि आवरणाचा ग्रेन वहीच्या कण्याला समांतर असावा लागतो. नाहीतर पुठ्ठा वाकतो आणि पाने कण्याजवळ लाटेसारखी उभी राहतात. प्रत्येक गठ्ठ्यातील एक ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या घडीच्या रेषेला समांतर ग्रेन असतो. गठ्ठ्यावर पेन्सिलीने बाणाची खूण करून ठेवा.

आणि तिसरी गोष्ट हात. विकायच्या नाहीत अशा काही वह्या आधी शिवा. खंड पडलेला हात दोरा एकतर फार ओढतो किंवा सैल सोडतो. दोरा ओढताना तो कण्याच्या रेषेत, म्हणजे शिवण पुढे जाते त्याच दिशेने ओढावा. स्वतःकडे ओढला तर भोकापाशी कागद चिरतो. हे तुम्हाला ठाऊक असणारच, पण ठाऊक असणे आणि हाताने ते आपसूक करणे यांत वर्षभराचे अंतर पडलेले असते. पहिल्या आणि शेवटच्या फर्म्याची, म्हणजे एकत्र घडी घातलेल्या पानांच्या जुडीची, शिवण सारख्याच ताणाची होऊ लागली, वही उघडल्यावर फर्म्यांमध्ये फट दिसेनाशी झाली, की दुकान उघडा.

दौतवाला

मी बांधणी करत नाही. अशा वह्यांचा ग्राहक आहे आणि रोज शाईच्या पेनाने लिहितो. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला ग्राहकाच्या बाजूने उत्तर देतो.

ज्या कारागिराकडून मी वह्या घेत असे, त्यांनीही मध्यंतरी दीर्घ काळ काम थांबवले होते. परतल्यावर त्यांनी का थांबलो हे लिहिले की नाही, हे मला आता आठवतही नाही. मात्र त्यांनी लिहिलेली एक ओळ पक्की लक्षात आहे. पूर्वीचा कागद मिळत नसल्यामुळे आतील पाने बदलली आहेत आणि नव्या कागदावर पातळ शाई किंचित पसरते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. त्या ओळीमुळे मी निबची जाडी बदलली आणि वह्या घेत राहिलो. ती ओळ नसती तर पहिल्याच पानावर अक्षरांच्या कडा फाटलेल्या दिसल्या असत्या, शाई मागच्या बाजूस उमटली असती आणि मला कारागिराचा हातच बिघडला असे वाटले असते.

जे ग्राहक एकाच मापाच्या वह्या वर्षानुवर्षे भरतात, त्यांना मापात अर्ध्या सेंटिमीटरचा फरकही फळीवर दिसतो. म्हणून तुम्ही का थांबला होतात, यापेक्षा काय तेच आहे आणि काय बदलले आहे हे आम्हाला अधिक हवे असते. आजारपणाचा उल्लेख करायचा की नाही, हा पूर्णपणे तुमचा अधिकार आहे आणि तो केला नाही म्हणून कोणीही ग्राहक दुरावणार नाही.

मुरलेली माती

मी मातीची भांडी करते. जुनी आरी यांच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे आणि आमच्या कामातील अनुभव जोडते. खंडामुळे सगळेच बिघडते असे नाही. ओली, झाकून ठेवलेली माती वर्षभरात अधिक मुरते आणि चाकावर पूर्वीपेक्षा चांगली वागते. वाळून दगड झालेली मातीसुद्धा वाया जात नाही; ती पूर्ण कोरडी असेल तर पाण्यात टाकताच विरघळून खाली बसते. अर्धवट ओली माती मात्र पाण्यात तशीच गोळा होऊन राहते, म्हणून ती आधी पुरती वाळू द्यावी लागते.

उलट झिलईच्या बादल्यांवर विश्वास ठेवता येत नाही. जड घटक तळाशी घट्ट बसतात, पाणी उडून जाते, आणि वरवर ढवळून भांडे बुडवले तर थर कुठे जाड तर कुठे पातळ बसतो. सगळे खरवडून, चाळून, घनता मोजून मगच वापरावे. दीर्घकाळ बंद असलेल्या भट्टीच्या विटांनीही ओलावा धरलेला असतो, त्यामुळे पहिली भाजणी रिकामी आणि संथ करावी आणि दुसऱ्या भाजणीत केवळ नमुन्याचे तुकडे ठेवावेत. या सगळ्यात बराच काळ जातो आणि त्या काळात विकण्यासारखे काहीही हाती येत नाही. तो काळ आधीच हिशेबात धरलेला असेल तर मन खचत नाही.

पानोपानी

तिघांचेही मनापासून आभार. गोंदाची चाचणी आजच लावली आहे. दौतवाला यांनी कागदाबद्दल लिहिलेले वाचून मी जुना आणि नवा कागद शेजारी ठेवून त्याच पेनाने लिहून पाहिले. माझाही नवा कागद वेगळा निघाला: शाई पसरत नाही, परंतु वाळायला जास्त वेळ घेते आणि डाव्या हाताने लिहिणाऱ्याच्या तळव्याला ती लागेल अशी शक्यता आहे. हे मी कदाचित नोंदवलेच नसते.

जुन्या ग्राहकांच्या ईमेल-यादीबद्दलही कोणी लिहावे. यादी वर्षभर तशीच पडून आहे.

टाचण

छोट्या व्यावसायिकांची संकेतस्थळे आणि पत्रव्यवहार सांभाळणे हे माझे काम आहे, म्हणून या भागावर जरा विस्ताराने लिहिते.

यादीला हात लावण्यापूर्वी दुकानाचा पत्ता शाबूत आहे का, ते पाहावे. डॉट कॉम नावाची मुदत संपली तरी ते नाव लगेच हातचे जात नाही. नोंदणी करणाऱ्या कंपनीनुसार काही दिवसांची सवलत मिळते आणि नाव रद्द झाल्यानंतरही ३० दिवसांचा एक टप्पा असतो, ज्यात जादा शुल्क भरून ते परत घेता येते. त्यानंतर मात्र ते कोणीही घेऊ शकते, आणि त्याच नावावर तुमचा ईमेल असेल तर ग्राहकांची पत्रे त्याच्याही आधी, नाव बंद पडल्यापासूनच, तुमच्यापर्यंत येत नाहीत. एट्सीसारख्या ऑनलाइन बाजारपेठेत आपोआप नूतनीकरण निवडलेले नसेल तर प्रत्येक वस्तूची नोंद चार महिन्यांनी संपते, त्यामुळे दुकान वरून दिसत असले तरी आत वस्तू शिल्लक नसतात. ज्या फोन क्रमांकावर प्रवेशाचा संकेतांक येतो तो क्रमांक बदललेला नाही ना, हेही घोषणेच्या आधीच तपासावे.

आता यादी. वर्षभरात काही पत्ते बंद पडलेले असतात आणि काही लोक तुमचे नाव विसरलेले असतात. सर्वांना एकाच दिवशी पत्र पाठवले तर बरीच पत्रे परत येतात, काही लोक ते नको असलेले पत्र म्हणून नोंदवतात आणि त्यानंतर तुम्हाला ओळखणाऱ्यांच्या पेटीतही तुमचे पत्र नीट पोहोचत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पत्र पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत. पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी योग्य असाव्या लागतात आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत राहावे लागते. शंभर पत्त्यांच्या यादीत एकाने तक्रार केली तरी प्रमाण एक टक्का होते, म्हणजे छोट्या यादीला चुकायला जागा फारच कमी आहे.

म्हणून पहिले पत्र ज्यांनी एकाहून अधिक वेळा खरेदी केली आहे, त्यांनाच पाठवा. पहिल्याच दोन ओळींत तुम्ही कोण आणि त्यांनी तुमच्याकडून काय घेतले होते याची आठवण द्या आणि यादीतून नाव काढण्याचा दुवा ठळक ठेवा. त्यांच्याकडून उत्तरे आली की मग पुढचा गट घ्या. ज्यांनी थांबण्याच्याही कितीतरी आधीपासून एकही पत्र उघडलेले नाही, त्यांची नावे काढून टाकताना वाईट वाटू देऊ नका.

सुटे पान

मी थोडे वेगळे मत मांडतो. या धाग्यात जुने दुकान पुन्हा जसेच्या तसे उभे करायचे आहे, असे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. पानोपानी यांनी स्वतः लिहिले आहे की वेळ पूर्वीइतका नाही. मग वस्तूही पूर्वीइतक्या का असाव्यात? माझे काम लाकडी ठोकळ्यांच्या छपाईचे आहे आणि परतताना मी अर्ध्याहून अधिक प्रकार कायमचे बंद केले. त्यांत चांगले विकले जाणारेही होते, पण त्यांत माझा जीव रमत नव्हता आणि त्यांना वेळ फार लागत असे. वर्षभर दूर राहिल्याचा हा एक मोठा लाभ असतो: कोणत्या कामाची आठवण येत होती आणि कोणत्या कामाची अजिबात येत नव्हती, हे स्पष्ट कळते. ते विसरून सगळेच पुन्हा सुरू केले तर काही महिन्यांतच पुन्हा थांबावे लागेल.

विशेषतः ग्राहकाच्या मनाप्रमाणे करून द्यायच्या वस्तू पहिल्या काही महिन्यांत घेऊ नयेत. आधी वही तयार करावी आणि मग विकावी. तयार वस्तू विकताना कोणाचीही तारीख डोक्यावर नसते आणि घरात पुन्हा अडचण आली तर विक्री थांबवण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

निळीचा हौद

सुटे पान यांच्याशी शंभर टक्के सहमत. त्यांत एकच भर घालते: थांबण्यापूर्वी कोणाकडून आगाऊ रक्कम घेतली असेल किंवा भेटकूपने विकली असतील, तर त्यांचा हिशेब सर्वांत आधी पूर्ण करावा, मग ते लोक विचारोत वा न विचारोत. मी नीळ आणि वनस्पतींच्या रंगांनी कापड रंगवते. परतल्यावर निळीचा हौद पुन्हा जिवंत करताना चुना आणि फळसाखर घालून, ऊब देऊन वाट पाहावी लागते. पृष्ठभागाखालचे द्रावण पिवळसर हिरवे दिसू लागेपर्यंत कापड बुडवण्यात अर्थ नसतो. पहिले कापड मी माझ्याकडे जुने कूपन पडून असलेल्या ग्राहकांसाठीच रंगवले. त्यांच्यापैकी काहींनी ते कूपन असल्याचे विसरूनही गेल्याचे कळवले आणि मग स्वतःहून नवी मागणी नोंदवली.

जुनी आरी

भाव आणि जुना माल यांवर कोणी लिहिलेले नाही, म्हणून पुन्हा येतो.

भाव ठरवताना कपाटातील कागद किती किमतीला घेतला होता हे पाहू नये. तोच कागद आज घ्यायचा झाला तर काय पडेल, ते धरावे. कपाट रिकामे झाल्यावर तुम्हाला आजच्याच भावाने तो आणायचा आहे. श्रमांचा वेळ मोजताना दोन टोके टाळावीत. सुरुवातीच्या संथ हाताचा वेळ ग्राहकाच्या माथी मारू नये आणि थांबण्यापूर्वीच्या वेगाच्या आठवणीवरही हिशेब करू नये, कारण आठवणीत आपण नेहमी प्रत्यक्षापेक्षा भरभर काम करत असतो. हात बसल्यानंतर घड्याळ लावून एक वही अथपासून इतिपर्यंत करावी. त्यात कागद कापणे, वजनाखालून काढणे, छायाचित्र घेणे आणि बांधून पाठवणे हेही धरावे. जो भाव निघेल तो पहिल्या दिवसापासून लावावा. आधी जुन्या भावाने सुरू करून दोन महिन्यांनी वाढवणे म्हणजे एकच अप्रिय गोष्ट उगाच लांबवणे होय.

शिल्लक वह्या एकेक करून पाहा. खळीने बांधलेल्या असतील तर कसर लागलेली नाही ना, ते कण्याच्या आतून तपासा, कारण कसरीला पिष्ट आवडते. पुठ्ठा किंचित वाकला असेल तर शोषक कागदात ठेवून वजनाखाली सरळ होऊ शकतो. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या असतील किंवा दमट वास येत असेल, तर ती वही सवलतीतही विकू नका. तिच्यावर तुमचे नाव आहे. ज्या वह्या निर्दोष आहेत त्यांची किंमत कमी करण्याचे कारण मला दिसत नाही. 'मागील कागदावरील शेवटच्या प्रती' असे लिहून नव्या भावानेच ठेवा. दौतवाला यांच्यासारखे ग्राहक त्याच आधी घेतील.

टाचण

एक राहिले होते. परदेशी पार्सल पाठवत असाल तर वर्षभरापूर्वीची माहिती तशीच गृहीत धरू नका. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०२४ पासून उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम लागू झाला असून बाहेरून तेथे माल विकणाऱ्याला संघातील जबाबदार व्यक्ती किंवा संस्था दाखवावी लागते. हाताने केलेल्या मोजक्या वस्तूही त्यातून सुटत नाहीत. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली आयातशुल्काची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी स्थगित केली. असे नियम बदलत राहतात, म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात टपाल खात्याकडून ताजी माहिती घेऊनच परदेशी विक्री सुरू करावी आणि तोपर्यंत ती बंद ठेवली तरी काही बिघडत नाही.

पानोपानी

सर्वांचे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले आणि त्याप्रमाणे कामाला लागले आहे, म्हणून काय ठरवले ते येथे नोंदवते.

गोंदाच्या पट्ट्या स्वच्छ सुटल्या, त्यामुळे नवा गोंद आणला आहे. कागदाचे गठ्ठे वाकवून पाहिले, तेव्हा त्यांतील एकाचा ग्रेन आडवा निघाला. तो आता लहान मापाच्या, आडव्या पुस्तिकांसाठी वापरता येईल. सरावाच्या वह्या शिवणे चालू आहे आणि आरीकाकांनी लिहिले तसे शेवटच्या फर्म्याचा ताण अजून पहिल्यासारखा येत नाही. तो येईपर्यंत घोषणा करणार नाही.

सुटे पान यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी सर्व प्रकारांची यादी समोर ठेवली. नाव कोरलेल्या चामडी आवरणाच्या रोजनिश्यांची मला वर्षभरात एकदाही आठवण आली नव्हती, हे कबूल करताना मोकळे वाटले. त्या बंद करत आहे. उघड्या कण्याच्या, पूर्ण सपाट उघडणाऱ्या चित्रवह्या आणि दोन मापांच्या लेखनवह्या एवढेच प्रकार राहतील आणि तयार असेल तेवढेच दुकानात ठेवीन. परदेशी विक्री तूर्त बंद राहील.

ग्राहकांना पाठवायच्या पत्रात घरातील आजारपणाबद्दल एकच वाक्य असेल. ते लिहावे असे मलाच वाटते, कोणाला उत्तर देणे लागते म्हणून नव्हे. उरलेल्या पत्रात माप तेच आहे, कागद बदलला आहे, शाई वाळायला वेळ लागतो, भाव नवा आहे आणि जुन्या कागदावरील मोजक्या प्रती शिल्लक आहेत, एवढेच असेल. पहिले पत्र एकाहून अधिक वेळा खरेदी केलेल्यांनाच जाईल आणि त्यासोबत ज्यांना हवे असेल त्यांना नव्या कागदाचे एक कोरे पान विनामूल्य पाठवीन, म्हणजे त्यांनी स्वतःच्या पेनाने लिहून पाहून मग ठरवावे.

दौतवाला

कोरे पान पाठवण्याची कल्पना फार उपयुक्त आहे. एक सुचवतो: पान पाठवताना ते घडी न घालता पाठवावे आणि त्याची कोणती बाजू वहीत उजवीकडे येते त्याची खूण करावी, कारण बऱ्याच कागदांच्या दोन बाजूंवर शाई वेगळी वागते.

पानोपानी

हे लक्षात आले नव्हते, खूण नक्की करीन. पान मागवणाऱ्यांनी निबची जाडी आणि शाई कोणती वापरतात तेही कळवावे, अशी विनंती पत्रात जोडते आहे. उत्तरांवरून पुढचा कागद घाऊक घेण्यापूर्वी निवड करता येईल.